स्लॅबची अट

डहाणूच्या नविनचं तलासरीच्या मयूरीशी लग्न ठरत आलं होतं, पण तिचे वडील काशीनाथ अडून बसले. "माझी मुलगी स्लॅबच्या घरात वाढलीय. हे कारवीच्या काठ्यांना माती लिंपलेलं कुडाचं घर पाडून पक्कं बांधा, मगच लग्न."

नविन बांधकाम परवानगीसाठी नगरपरिषदेत खेटे घालू लागला. कधी नकाशा बदलायचा, कधी नवा सातबारा आणायचा. मयूरी फोनवर हसायची. "मला कुडाच्या भिंती चालतात. बाबांना चालत नाहीत, काय करू?"

२०१८च्या दिवाळीनंतर भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि थांबेनात. पक्क्या घरांना तडे गेले, लोक अंगणात झोपू लागले. त्याच थंडीत नविनला परवानगी मिळाली. ती दाखवायला तो तलासरीला निघणार, तोच दारात टेम्पो थांबला. काशीनाथ, त्यांची बायको आणि मयूरी खाली उतरले. मागे गाद्या-गोधड्यांचा ढीग होता.

"परवानगी आली का?" काशीनाथांनी विचारलं.

"आजच आली."

काशीनाथांनी कुडाची भिंत हाताने दाबून पाहिली.



"मग घर पाडायची घाई करू नका, जावईबापू. आम्ही कुठल्या खोलीत झोपायचं, तेवढं सांगा."