सातव्या मजल्यावरचं दार

"कोणाक खरा वाटाचा नाय, पण मी आज त्या दारातून भायर जावन इलंय," असं म्हणून धोंडूबाबा खाटेवर ऐसपैस मांडी घालून बसले.

प्रियंकाने खांद्यावरची पर्स काढली. बाहेरचं कुलूप तिने आत्ताच उघडलं होतं, चावी अजून हातातच होती. आणि 'ते दार' म्हणजे तिच्या या सासऱ्यांनी समोरच्या भिंतीवर रंगवलेलं दार. हिरवं, गावच्या घराला असतं तसं, अर्धवट उघडं, उंबऱ्यावर ऊन पडलेलं. सोसायटीचे मार्तंडकाका एकदा त्याची कडी काढायला गेले आणि नखं मोडून घेऊन आले. ते हे कबूल करणार नाहीत. पण तेव्हापासून दिंडोशीच्या या घरात चहाला आले की त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात तो. पण म्हातारपणी बाबा दोनदा रस्ता चुकले, दुसऱ्यांदा थेट भांडुपला सापडले. तेव्हा त्यांच्या मुलाने, प्रीतमने, खिडकीला लोखंडी ग्रिल ठोकलं आणि घराला बाहेरून कुलूप. बाबांनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग रंग आणून दिले, तसे निवांत झाले. जरा जास्तच निवांत.

"झकास. कुठवर जाऊन आलात?" प्रियंकाने विचारलं.

"नाक्यावर. चाय घेतलंय. वर येताना लिफ्ट पकडलंय. सोमवारी पाणी येवचा नाय गो, नोटीस लावलीहा."

तिचा हात पर्सच्या चेनवर थांबला. ती नोटीस तिने आत्ता येताना लिफ्टमध्ये वाचली होती. सकाळी जाताना ती तिथे नव्हती.

"बाबा, दुपारी कोण आलं होतं?"

"कोण येतला? चावी तुझ्याकडे."

"मग कुणाचा तरी फोन आला असेल."

"फोन कसलो. दार तेवढा करकरता. तेल व्हया."

ती पुढे झाली आणि रंगवलेल्या दाराला तिने तळहात लावला. थंड, घट्ट भिंत. स्वतःचंच हसू आलं तिला. थोडा वारा लागावा म्हणून ती खिडकीशी गेली.

खाली सात मजले, मग सिमेंटचा रस्ता. खिडकीखालून फूटभर रुंदीचा छज्जा जिन्याच्या उघड्या खिडकीपर्यंत गेला होता. कबुतरांनी तो पार पांढरा करून टाकला होता. त्या पांढऱ्यावर रबरी चपलांचे ठसे होते. काही जाणारे, काही येणारे.

वाकून बघायला तिने ग्रिलचा गज धरला. तो मुठीत पुठ्ठ्यासारखा दबला.

"त्या दारातूनच जातंय मी," मागून बाबा समजूत घातल्यासारखे म्हणाले. "तुका पटना नाय, तर मी काय करू?"

प्रियंकाने मूठ उघडली. तळहाताला तांबूस रंग लागला होता.

"खोटं बोलताय, बाबा," ती म्हणाली. "हा गंज ओला आहे."