दोन बोटं सैल

"पुन्हा घे," मुलगी म्हणाली.

आईने सहाव्यांदा टेप तिच्या कमरेभोवती फिरवला. मशीनवर शाळेचे अकरा स्कर्ट पट्ट्यांवाचून पडले होते आणि ते सकाळी द्यायचे होते.

"ऐंशी," ती म्हणाली. "मगाशीही ऐंशीच होती. दहा मिनिटांत माणसाची कंबर बदलत नसते."

"टेप सैल नको, आवळही नको, असं लिहिलंय इथे."

"तीस वर्षं मापं घेतेय मी. तो मोबाइल मला शिकवणार?"

मुलीने आकडे मोबाइलमध्ये घातले. कंबर ऐंशी, नितंब शंभर, मान छत्तीस. उत्तर तेच आलं. एकतीस.

अग्निशमन दलात तिचं प्रशिक्षण संपत आलं होतं. पाण्याने भरलेली नळी खांद्यावर घेऊन ती इतर मुलींच्या आधी चौथ्या मजल्यावर पोचत असे. पण शिडीच्या तुकडीत जायचं तर शरीरातली चरबी तीस टक्क्यांच्या आत हवी, असा दलाचा नियम होता. दलाने सांगितलेल्या वेबसाइटवर आकडा काढायचा, पाच वाजायच्या आत अर्जात भरायचा; सोमवारी तिथले लोक पुन्हा मोजून बघणार. एकतीस बघून मुलीने आणखी दोन वेबसाइट शोधल्या होत्या. एकीने वजन, उंची आणि वय विचारून तेहतीस सांगितलं. दुसरीने वजनही विचारलं नाही. उंची आणि कंबर एवढ्यावरच तिला पस्तिसावर नेऊन ठेवलं.

"एका बाईची तीन मापं," आई म्हणाली. "मी असं केलं तर गिऱ्हाइक कापड तोंडावर फेकेल."

"मी सोमवारपर्यंत काही खात नाही," मुलगी म्हणाली.

दुपारी वाढलेलं ताट तसंच झाकून पडलं होतं. आईने तिकडे पाहिलं आणि दातांत धरलेली टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खुपसली.

तेवढ्यात बाबा आले. ते लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. दोन जिने चढून आल्यावर नेहमीप्रमाणे त्यांना बोलायला मिनिटभर लागलं.

"मला घाल बघू त्यात," सगळं ऐकून ते म्हणाले.

मुलीने त्यांचं वजन, उंची, वय तेहतीस सांगणाऱ्या वेबसाइटमध्ये घातलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली.

"तंदुरुस्त," तिने वाचलं.

"घ्या," आई म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर धाप लागते तो माणूस तंदुरुस्त, आणि चौथ्यावर नळी नेते ती लठ्ठ. बंद कर ते."

"आई, साडेचार वाजले. एकदाच. शेवटचं."

आईने टेप पुन्हा घातला. ती आता मुलीकडे बघतही नव्हती. तिची नजर स्कर्टांवर होती आणि हात आपले आपण चालले होते. बाबा खुर्चीतून बघत राहिले.

"अगं, तू कोणाची कंबर मोजतेस?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"टेपच्या आत तुझी दोन बोटं आहेत. कंबर तिची, बोटं तुझी. मोबाइलला बिचाऱ्याला काय कळणार?"

आईने खाली पाहिलं. टेप आणि कंबर यांच्या मध्ये तिची दोन बोटं होती. शिवलेला कपडा आवळू नये म्हणून तीस वर्षं तिथेच होती. हाताला सांगावं लागत नसे.

"आई," मुलगी सावकाश म्हणाली, "बोटं काढ."

आईने बोटं काढली. टेप अंगाला टेकला. सत्त्याहत्तर. नितंब सत्त्याण्णव. मानेवरच्या टेपमधूनही बोटं काढली, तिथे तेहतीस.

"मान नको कमी करूस," मुलगी म्हणाली. "मान बारीक झाली की आकडा वाढतो."

"मान जाड ती चांगली, कंबर जाड ती वाईट. कुणी ठरवलं हे? जे आहे तेच घाल."

मुलीने तिन्ही आकडे घातले. मग तिने मोबाइल आईच्या नाकासमोर धरला. एकोणतीस पूर्णांक पाच.

"दोन तास," आई म्हणाली. "माझ्या दोन बोटांनी दोन तास खाल्ले." आणि ती मशीनवर जाऊन बसली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना अर्ज गेला. मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःला एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिच्याच गणवेशाचं गडद निळं कापड पसरलेलं होतं. खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या, कात्री लागायची होती.

"आई, गणवेशालाही नवीन मापं घे," ती म्हणाली. "सत्त्याहत्तर. अंगाला टेकलेली."

आईने मशीन थांबवलं. मापांची वही उघडून मुलीचं पान काढलं. तिथे ऐंशी लिहिलेलं होतं. तिने पेन उचललं, मग तसंच खाली ठेवलं आणि गळ्यातला टेप काढला.

"इकडे ये. हात वर कर. आता शिडीवर घेशील तसा श्वास घे."

मुलीने श्वास घेतला. टेपच्या आत आईची दोन बोटं दाबली गेली.

"ऐंशी," आई म्हणाली.

"आत्ता तर सत्त्याहत्तर होतं."

"ते मोबाइलला दिलं. यात तुला चढायचं आहे."

तिने बोटं काढली नाहीत. झाकलेलं ताट दुसऱ्या हाताने मुलीकडे सरकवलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग बघू, दोन बोटं पुरतात का."