जास्तीचा भार

माझे आजेसासरे गवंडी होते, सासरे ठेकेदार आणि यजमान माझ्यासारखेच अभियंता. चौथ्या पिढीची माझी लेक इमारतींची गणिते संगणकावर सोडवते. आमच्या घराण्याचा दंडक एकच आहे: इमारतीचा एकूण भार आणि पायावर उतरलेला भार तंतोतंत जुळल्याशिवाय सही करायची नाही.

त्या दुपारी आम्ही राहतो त्याच इमारतीवर दोन मजले चढवण्याचा आराखडा तपासायचा होता. वरच्या घरांची वाट पाहणारी माणसे माझ्या सहीसाठी खोळंबली होती. परंतु पायावर एका माणसाच्या वजनाइतका भार जास्त उतरत होता.

“आई, हा बघ, सातव्या मजल्यावर आहे. मी नाही टाकलेला,” लेक डोळे चोळत म्हणाली.

“मग काय आभाळातून पडला? पुसून टाक.”

तिने तो पुसला आणि गणित पुन्हा चालवले. भार आता चौथ्या मजल्यावर, जिन्यापाशी दिसू लागला. तोही तिने पुसला. पुढच्या खेपेस तो तळमजल्यावर, आम्ही बसलो होतो त्या आमच्याच कार्यालयाच्या दारात उभा होता.

“कर ना गं सही! एवढ्याशा भारानं काय इमारत कोसळणार आहे? मी पार थकले.”

“थकायचं नंतर. पुन्हा चालव.”

तिने सुस्कारा टाकून कळ दाबली. पडदा पाहताच तिने हात कळफलकावरून मागे घेतला.

“आई, आता तो तुझ्या खुर्चीवर आहे.”

मी तसूभरही हलले नव्हते; तरी माझ्याखाली खुर्चीचे लाकूड करकरत सावकाश वाकू लागले.