वेणी

नर्स म्हणून प्रसूतिगृहातला माझा तिसरा दिवस. नुरझातला सकाळपासून कळा येत होत्या. दाराशी तिची सासू मला म्हणाली, “पोरी, वेणी सोड. घरची सगळी कुलुपं उघडून आलेय मी. एक गाठ राहिली तरी बाळ अडतं.” मी हसले. वीज गेल्यानं यंत्र बंद होतं, म्हणून नुरझातच्या पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके मोजले. “एकशे तीस. छान आहेत, आपा,” मी म्हाताऱ्या सुईणीला सांगितलं. आपांनी नुरझातच्या तापल्या कपाळाला हात लावला. “आता हिची नाडी धरून ऐक.” ऐकलं. कानातला ठोका आणि बोटांखालचा ठोका एकदमच पडत होता. मी आईचेच ठोके मोजले होते. आपा नळी घेऊन पोटावर जागा बदलत राहिल्या. “पळतोय ना माझा घोडेस्वार?” नुरझातने विचारलं. आपांनी नळी पुन्हा दुसरीकडे टेकवली. मी वेणी सोडायला घेतली.