केतकीच्या जागी

बाईंनी मोबाइल खडूच्या डब्याला टेकवला आणि पहिलीची हजेरी सुरू केली. कोरोनामुळे शाळा बंद होऊन चार महिने झाले होते, वर्ग फोनवरच भरायचा. जात्यात घास टाकावा तशी एकेक करून सत्तावीस नावं घेतली, कुणीच ओ दिली नाही. अठ्ठाविसाव्याला "हजर, बाई" ऐकू आलं. रोज एकटी केतकीच असायची, तीही कॅमेरा बंद ठेवून. आज मात्र फोनची खरखर कमी होती, आणि आवाज लेकराचा नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मी केतकीची आई. रागवू नका. पोर शेरडांमागं जाती, म्हणून मीच बसती रोज. सांजच्याला तिला शिकवती."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. एक होती, तीही नव्हतीच. "अहो, मग मी कुणासाठी घसा फोडतेय? उद्यापासून बंदच करते हा वर्ग."

"नका ओ बाई! थोडं तरी थांबा."

"कशासाठी?"

"माझं नाव छबू. त्यातला बू काढता येतो. छ तुमी अजून शिकवलाच न्हाई."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पडद्यात मावेल एवढा मोठा छ फळ्यावर काढला.