खालचे खांब

टेम्पो दारात घुरघुरत होता आणि रुपराव खाटेवरून हलायला तयार नव्हते. जमीन खचू लागल्यापासून कन्हानच्या त्या गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली होती. यांच्या भिंतीच्या भेगेत आता अख्खा पंजा जात होता. पण म्हातारा हट्टाला पेटलेला!

"मामाजी, चला ना आता," सून गोपिका रडकुंडीला आली. "अर्धं सामान बेसाच्या नव्या घराले पोचलं बी."

"तुमी जा. ह्या घराखालचा कोळसा मीच काढला, न् खाणीच्या छताले खांब मीच सोडून आलो. कोळशाचेच खांब, खोलीएवढे जाड! हे घर पडत नाही."

गोपिकानं कपाळावर हात मारला आणि उरलेली भांडी घेऊन बाहेर गेली.

नात रितिका फरशीवर प्लॅस्टिकचे ठोकळे मांडून बसली होती. तिची शाळाही अजबच, छत कशावर टिकतं ते खेळून शोधा म्हणे! तिनं ठोकळ्यांचे खांब केले, वर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर छोटंसं घर. आता एकेक खांब काढून बघत होती.

"कोपऱ्यातला नोको काढू वं, बीचमधला काढ." रुपरावांना राहवलं नाही.

पुठ्ठा टिकला. रितिकानं टाळ्या पिटल्या. म्हातारा खुलला, खाली उतरून तिच्याजवळ मांडी घालून बसला.

"आता तो काढ. हां. आता बस. आता हात लावला तं खेळ खतम."

तरी पोरीनं एक ओढलाच. पुठ्ठा कलंडला, घर घसरून फरशीवर आलं. ती रडली नाही. ओढलेला ठोकळा हातात धरून तिनं विचारलं,

"आबाजी, तुमी खांब सोडून वर आले. तुमच्यानंतर कोणी खालते गेलं होतं काय?"

रुपरावांना आठवलं. त्यांच्या नोकरीतल्या निरोपाच्या दिवशीच ठेकेदाराची माणसं टोपीला दिवे लावून खाणीत उतरत होती. ती काय खाली हवा खायला चालली होती? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना या घरात भीती वाटली.

ते उठले. चपला पायात न घालता हातात घेतल्या. रितिका ठोकळे टाकून दाराकडे उड्या मारत निघाली, तसा त्यांनी तिचा दंड पकडला.

"हळू चाल वं पोरी," ते कुजबुजले. "पाय नोको आपटू."