ऐच्छिक भाग

"मूठ आवळा, सर."

जुलाबांनी गळून गेलेल्या डॉ. मुदखेडकरांनी खाटेवर मूठ आवळली. त्यांचीच विद्यार्थिनी, नवी इंटर्न, सलाइनसाठी शीर शोधत होती.

"माझं लेक्चर बघितलं होतंस ना?"

"सगळी बघितली, सर. दुप्पट स्पीडवर."

"आणि सुई कुणाला टोचली होतीस?"

"उशीला. घरीच."

"वॉर्डात?"

"वॉर्डातला भाग ऐच्छिक होता, सर. लवचीक अभ्यासक्रम तुम्हीच आणलात. सत्कार झाला तुमचा. मी घरून टाळ्या वाजवल्या."

सुई आत गेली. शीर बाजूला सरकली. सर कळवळले. हातावर निळी गाठ उठली.

"दुसऱ्या कुणाला बोलावू? पण सगळे आमच्याच बॅचचे आहेत."

सरांनी डोळे घट्ट मिटले आणि दुसरा हात पुढे केला.

"टोच. आजपासून हा भाग सक्तीचा."